तिनं सांगितलेला माणूस

दाराच्या काचेतून त्याला आधी फक्त पाठी दिसल्या. साठेक पाठी, त्यांच्या डोक्यांवर सावकाश फिरणारे चार पंखे, आणि पलीकडे मंचावर कापडी फलक : 'हिरवं जगणं – शनिवारची व्याख्यानं'. दुपारचं काम ऐनवेळी रद्द झालं म्हणून बायकोला घ्यायला तो वाचनालयात लवकर पोचला होता. मग त्या पाठींतली एक उभी राहिली आणि ती त्याच्या बायकोची निघाली. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. तिनं तो असा धरला, जणू घरात ती रोज माइकवरच बोलते. काच जाड होती. ऐकू काहीच येत नव्हतं. तिचा डावा हात हवेत काहीतरी गोल, पिंपाएवढं दाखवत होता. मग सगळं सभागृह एकदम हसलं, आणि त्या हसण्यानं काच किंचित थरथरली असं त्याला वाटलं. मंचावरचे सर टेबलावर कोपर टेकून, पुढे झुकून ऐकत होते. नुसते ऐकत नव्हते, तिचं बोलणं संपू नये अशा बेतानं ऐकत होते. टाळ्या पडल्या. ती खाली बसली, पुन्हा पाठ झाली. आत जावं, मागच्या खुर्चीत बसावं, एवढं साधं होतं. पण तो जिना उतरला आणि स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं.

ती आली ती दोन बायकांचा निरोप घेत, हसू अजून तोंडावर. "अहो, कधी आलात? वर यायचं की."

"आत्ताच आलो. काय होतं आज?"

"नेहमीचंच. हवा."

"हवा म्हणजे?"

"हवा म्हणजे हवा," ती म्हणाली आणि मागे बसली. उभी राहिले, बोलले, लोक हसले, यातलं एक अक्षर नाही. मोठ्या चौकात सिग्नल लागला तेव्हा तिनं मागून त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. थांबायला लागलं की इंजिन बंद करायचं, असं सर म्हणतात. त्यानं बंद केलं. किल्ली मात्र गरजेपेक्षा जास्त पिळली.

सर म्हणतात. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि घरात अचानक फार दुपारी झाल्या, तेव्हापासून हे दोन शब्द घरात राहायला आले होते. ती मासिकं बदलायला वाचनालयात गेली होती, तिथल्या फळ्यावर सूचना वाचून सहज वर जाऊन बसली, आणि येताना सरांना घेऊन आली. म्हणजे तसं नाही. पण त्याला तसंच वाटे. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लागला, तो सरांचा. भाजी धुतलेलं पाणी बालदीत जाऊ लागलं, ती बालदी सरांची. त्याचे जुने शर्ट पिशव्या होऊन दारामागच्या खिळ्यावर टांगले गेले आणि त्यांची बटणं एका काचेच्या बरणीत. सकाळी दात घासताना नळ सोडला की स्वयंपाकघरातून तिचं नुसतं खाकरणं येई, आणि तोंडात फेस असलेल्या त्याला आरशात आपल्यामागे सर उभे दिसत. पांढरा सुती सदरा, खांद्याला स्टीलची बाटली, कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्याची ती मऊ मान. त्या जातीचा संशय त्याला कधी आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, चार माणसांत सांगता आलं असतं. सरांचं वय पासष्ट, गुडघे गेलेले. पण जळायला गुडघे कुठे लागतात? बायको दुसऱ्याच्या प्रेमात पडली तर माणूस निदान आरडाओरडा करतो. बायको दुसऱ्याचं ऐकू लागली तर कुणाकडे जायचं?

कारण एके काळी ती त्याचं ऐकायची. लग्नाचं पहिलंच वर्ष. एका खोलीत त्यानं कुणाचा तरी जुना फ्रिज वर्तमानपत्रं पसरून उघडला होता. फ्रिज-एसीचा मेकॅनिक म्हणून कंपनीत नुकता चिकटला होता आणि घरी आणून कामं करायचा. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "थंडी येते कुठून?" त्यानं पाना खाली ठेवला. "थंडी अशी काही चीजच नसते. असते ती उष्णता. ती आतून उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, बस. हा गॅस म्हणजे हमाल." तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं होतं. मग ती म्हणाली होती, "आणि बाहेरच्यांचं काय?" तो हसला होता. किती भाबडा प्रश्न, म्हणून घरभर, म्हणजे त्या एका खोलीभर, हसला होता. त्यानंतर ती असलं काही विचारेनाशी झाली. हे त्याला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं. आता मात्र शनिवार जवळ येऊ लागला की तोच प्रश्न त्याला पुन्हा ऐकू यायचा. तिनं प्रश्न विचारायचे सोडले नव्हते. फक्त पत्ता बदलला होता.

बुधवारी फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता, पण बोलण्याची पद्धत होती. ती तो रोज बायकोच्या तोंडून ऐकत होता. "नमस्कार, मी वाचनालयात व्याख्यानं देतो तो. आमचा एसी थंड करत नाहीये हो. आज जमेल का?"

एसी! फोन ठेवल्यावर तो रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून एकटाच हसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. साठ जणांना पंख्याखाली बसवायचं, दुसऱ्यांच्या शर्टांच्या पिशव्या करायच्या आणि घरी जाऊन गारव्यात पाय पसरायचे. संध्याकाळी हे कसं सांगायचं याची वाक्यं त्यानं वाटेतच जुळवली. पहिलं वाक्य अगदी साधं, जेवताना, मान खाली घालून.

सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. दार त्यांनीच उघडलं. बाहेरच्या खोलीत पुस्तकं, कुंड्या, उघड्या खिडक्या आणि उकाडा. एसी होता तो आतल्या लहान खोलीत, आणि तिथे पलंगावर एक अगदी म्हातारी बाई होती. पाठीला उशा लावून बसवलेली, तोंड उघडं, श्वास मोजून घेतल्यासारखा. "आई," सर म्हणाले. "ब्याण्णव. उकाडा झाला की श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा." मग खाली बघत म्हणाले, "बोलायचं एक आणि करायचं एक, असं झालंय माझं. लाज वाटते." त्यानं जुळवलेली वाक्यं तिथेच थोडी विसविशीत झाली. म्हातारीनं त्याच्याकडे बघून हात उचलला. ये म्हणाली की जा, ते कळलं नाही.

बाल्कनीत बाहेरचं युनिट होतं. पंधरा वर्षांपूर्वीचं मॉडेल, जुनाच गॅस. साबणाचं पाणी लावल्यावर मागच्या तांब्याच्या नळीच्या वळणावर एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. टाका घालावा लागणार होता, म्हणजे आधी आतला उरलेला गॅस काढणं आलं. सर कठड्याला टेकून बघत उभे होते. ते म्हणाले, "ताईंनीच तुमचा नंबर दिला. शनिवारी सभागृहात काय सुंदर बोलल्या त्या तुमच्याबद्दल."

त्याच्या हातातला पाना थांबला. "माझ्याबद्दल?"

"का, सांगितलं नाही त्यांनी? मी विचारलं होतं, तुमच्या माहितीत कुणी आहे का, जो कुणी बघत नसतानाही नीट वागतो. त्या उठल्या. म्हणाल्या, आमचे हे. बावीस वर्षं एसीचं काम करतात, पण गॅस कधी हवेत सोडला नाही. यंत्र लावून टाकीत परत ओढून घेतात. मुलगी लहान असताना शाळेत सांगायची म्हणे, माझे बाबा हवा पकडतात." सर हसले. "सगळे हसले हो. मग टाळ्या. मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आम्ही काय, नुसते बोलणारे. करणारी माणसं तुम्ही."

आतून म्हातारीची हाक आली आणि सर गेले. तो उकिडवा बसून राहिला. हवा पकडतात. खरं होतं ते. चार वर्षं खरं होतं. कंपनीत नियम होता, यंत्र होतं, निळी-पिवळी टाकी होती. एकदा ती टाकी रात्रीपुरती घरी आणावी लागली होती आणि मुलगी तिला मिठी मारून बसली होती. तिनंच विचारलं, यात काय? हवा, तो म्हणाला होता, पकडलेली. मग कंपनी सोडली. स्वतःचं काम सुरू केलं. यंत्र कंपनीचं, ते कंपनीत राहिलं. त्यानंतर अठरा वर्षं त्यानं सगळेच करतात ते केलं. ते बायकोला सांगायचं राहून गेलं, म्हणजे लपवलं असंही नाही. विषयच निघाला नाही. तिनं विचारलं नाही, कारण विचारायचं तिनं त्या एका खोलीतच सोडलं होतं. आणि इतकी वर्षं ती आपल्या मनात एक माणूस सांभाळत राहिली. तो माणूस गच्चीगच्चीवर उन्हात यंत्र घेऊन चढतो, कुणी बघत नसताना गॅस ओढून घेतो, घाम पुसतो, घरी येतो. त्याच्यासाठी ती साठ माणसांत उभी राहिली. माइक धरला तो त्याच्यासाठी.

सरांवरचा राग असा एकदम नाहीसा झाला की त्याला क्षणभर तोल गेल्यासारखं वाटलं. पण जळणं गेलं नव्हतं. जळण्यानं फक्त माणूस बदलला होता. त्यानं आत वळून पाहिलं. सर आईला चमच्यानं पाणी पाजत होते. पिशवीत टाकी नव्हती, यंत्र नव्हतं. थांबा, उद्या घेऊन येतो, असं म्हणता आलं असतं. तिच्या मनातला तो दुसरा नक्की म्हणाला असता. त्यानं पान्यानं व्हॉल्व्ह फिरवला. फुत्कार आला, लांबलचक, त्वेषानं, आणि पितळेवर बघता बघता पांढरं दव गोठलं. बोटांना चटका बसावा इतकं गार. अर्धं मिनिट तो तसाच धरून बसला. कुणाच्या तरी तोंडावर थुंकावं तसं वाटलं, आणि ते तोंड कुणाचं तेही त्याला ठाऊक होतं.

टाका घातला, आतली हवा काढली, नवा गॅस भरला. खोली थंड व्हायला लागली तेव्हा म्हातारीनं तोंड मिटलं आणि डोळेही. "जुना घेतलात ना भरून?" सरांनी हळूच विचारलं, आई जागी होऊ नये म्हणून. "घेतला," तो म्हणाला. सरांनी त्याच्या हडकुळ्या पिशवीकडे पाहिलं नाही. विश्वास ठेवणारी माणसं पिशव्या बघत नाहीत.

संध्याकाळी जेवताना त्यानं ते पहिलं वाक्य तरी टाकून बघितलंच. "तुझ्या सरांकडे एसी आहे."

"माहितीये. त्यांच्या आईसाठी. मीच नंबर दिला तुमचा." तिनं आणखी भात वाढायला घेतला. "आणि गॅस? घेतलात?" तिचा डाव तसाच हवेत राहिला होता. डोळ्यांत ते उजळलेलं काहीतरी, वर्तमानपत्रांवर उघडलेल्या फ्रिजच्या दिवसांतलं, पुन्हा आलं होतं. तो "हो" म्हणाला. भात ताटात पडला. पण तो भात त्याच्यासाठी नव्हता, हे त्याला घास घेतानाच कळलं. पुढचे तीन दिवस घरात सगळं त्या दुसऱ्यासाठी चाललं. त्या माणसाचा डबा भरला गेला, त्याच्या सदऱ्याची उसवलेली शिवण घातली गेली, तो झोपला असताना पंख्याचा वेग कमी केला गेला. ती काम करता करता मध्येच थांबून त्याच्याकडे कौतुकानं बघायची आणि तिची नजर त्याला चाटून मागे कुठेतरी जायची. एकदा त्यानं खरंच मागे वळून पाहिलं. भिंत होती.

शुक्रवारी ती म्हणाली, "उद्या तुम्हाला यायचंय. सरांनी बोलावलंय. दहा मिनिटं बोला म्हणाले, गॅस कसा पकडतात त्यावर."

"मला बोलता येत नाही."

"तुम्हाला?" ती हसली. "मला कोण सांगायचं मग सगळं?"

शनिवारी मंचावरच्या खुर्चीत बसल्यावर त्याला प्रथम कळलं की इथून पाठी दिसत नाहीत, तोंडं दिसतात. ती तिसऱ्या रांगेत, कडेला. माइक गार आणि जड होता. पहिली दोन वाक्यं अर्धवटच राहिली, मग त्यानं म्हटलं, "थंडी अशी काही चीजच नसते," आणि सभागृह शांत झालं. पुढचं आपोआप आलं. उष्णता, हमाल, आत-बाहेर. एक घर थंड होतं तेव्हा गल्ली किती तापते. तो जुना गॅस सुटला की वर जाऊन ओझोनची ऊन गाळणारी चाळणी कशी कुरतडतो, आणि एक किलो गॅसची खोड किती वर्षं जात नाही. कंपनीच्या शिबिरात शिकलेलं सगळं जसंच्या तसं कुठेतरी भरून ठेवलेलं होतं. लोक वह्यांत लिहीत होते. सर मान डोलवत होते. आणि ती ऐकत होती. इतकी वर्षं जे त्याला हवं होतं ते सगळं, जसंच्या तसं, तिसऱ्या रांगेत बसलं होतं. फक्त ते त्याच्याकडे बघत नव्हतं. ते त्या दुसऱ्याकडे बघत होतं, जो त्याचा सदरा घालून, त्याच्या आवाजात, त्याच्याच बायकोला पुन्हा एकदा जिंकत होता.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. "तुमचं यंत्र केवढं असतं? गच्चीवर एकट्याला नेता येतं?"

"माझ्याकडे यंत्र नाही," तो म्हणाला.

गृहस्थांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"यंत्र नाही माझ्याकडे. अठरा वर्षांत मी गॅस पकडलेला नाही. सोडून देतो. बुधवारी सरांकडेही सोडला, आणि सरांना सांगितलं घेतला म्हणून. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती खोटं बोललेली नाही."

पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. त्याला मोकळं वाटत होतं, पण पश्चात्तापाचं मोकळं नव्हे. वैऱ्याला चारचौघांत लोळवल्यावर वाटावं तसं. मग मागे कुणीतरी एक टाळी वाजवली. दुसरी. बघता बघता सगळे टाळ्या वाजवू लागले. एक बाई तर उभी राहिली. सरांनी त्याच्या हातावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरले होते. तो दचकून त्या तोंडांकडे बघत राहिला. एकाला आत्ता कुठे संपवलं होतं, तर हे लोक लगेच दुसरा, खरं बोलणारा, उभा करत होते. तिसऱ्या रांगेत ती मांडीवर पर्स ठेवून बसली होती. दोन्ही हात पर्सवर, स्थिर.

ती स्कूटरवर बसली नाही. चालू लागली, तो स्कूटर ढकलत शेजारून चालू लागला. दोन दुकानं गेली, एक शाळा गेली.

"त्यांनी टाळ्या का वाजवल्या?" ती म्हणाली.

"मला काय माहीत."

"मी नाही वाजवल्या."

"बघितलं मी."

"घरी सांगता आलं असतं. तीन दिवस होते. मला तिथे साठ माणसांत..." तिचा आवाज फाटला. तिनं तो सावरला. "आत्ताच का सांगितलंत? तिथेच का?"

चांगलं उत्तर देता आलं असतं. सभागृहातल्या कुणीही ते मानलं असतं. तो म्हणाला, "तू त्याच्याकडे बघत होतीस."

"कुणाकडे?"

"त्या गॅस पकडणाऱ्याकडे. मला बघवेना."

ती थांबली. मागून येणाऱ्या एका माणसानं दोघांना वळसा घातला. "अहो," ती म्हणाली, "तो तुम्हीच होतात."

"नव्हतो."

तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर मागे कुठे गेली नाही. ती त्याच्या घामेजल्या कानशिलावर, सदऱ्याच्या विरलेल्या गळ्यावर, थकलेल्या डोळ्यांवर एकेक करून थांबली. त्या नजरेत कौतुक मुळीच नव्हतं. मग ती पुन्हा चालू लागली आणि रविवारचा अख्खा दिवस गरजेपुरतंच बोलली.

सोमवारी सकाळी तो पिशवी भरत असताना ती चपला घालून दारात उभी होती. "मी येतेय." जुन्या कंपनीतल्या दोस्ताकडे आधी जावं लागलं. तो पुष्कळ कुरकुरला, मग त्यानं यंत्र आणि टाकी एका दिवसापुरती दिली. दातांच्या एका दवाखान्याच्या गच्चीवर दोघांनी मिळून ते चढवलं. तिनं टाकीची एक बाजू धरली आणि मधल्या मजल्यावर दोनदा श्वास घ्यायला थांबली. नळ्या जोडताना त्याचे हात जरा चाचपडले, एक नळी उलटी लागली, काढून पुन्हा लावली. ती बघत होती. यंत्र सुरू झालं. सोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. आता पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघं कठड्याला टेकून बसून राहिली. दाब दाखवणाऱ्या गेजवरचा काटा इतका हळू खाली सरकत होता की सरकतोय हे पटायलाच वेळ गेला. ती वाकून, डोळे बारीक करून त्या काट्याकडे बघत होती, अशी एकाग्र, की पन्नाशीला आलेल्या त्याला त्या काट्याचाही हेवा वाटला.

पाऊण तास झाला. जिन्याच्या दारातून दवाखान्यातली नर्स डोकावली. "अजून किती? खाली डॉक्टर वैतागलेत. मागचा मेकॅनिक तर पाच मिनिटांत मोकळा झाला होता."

त्यानं तोंड उघडलं, पण आधी ती बोलली. काट्यावरची नजर तिनं काढली नाही.

"यांना वेळ लागेल," ती म्हणाली. "पहिल्यांदाच करतायत."